खोडदच्या कानाशी चाललेला धिंगाणा

रेडिओ लहरींचा गोंगाट हा निसर्गनियम आहे, एकाच आकाशात इतके जण बोलायला लागले की कुणाला तरी ऐकू येणार नाहीच, हे उत्तर मी आता ऐकून घेणार नाही. ते खोटं आहे. उभी हयात मी मोबाईल टॉवरच्या कामात घालवली. साईट निवडल्या, अँटेना चढवून घेतल्या, ड्राइव्ह टेस्टच्या गाडीत बसून तालुकेच्या तालुके पालथे घातले. सरकारी वापरकर्ता आणि खासगी कंपनी फ्रिक्वेन्सीच्या एकाच पट्ट्यात किंवा शेजारच्या पट्ट्यात आले की जो त्रास होतो, त्यातला बहुतेक टाळता येतो. तो टाळायचा कसा, हे दोन्ही बाजूंच्या इंजिनिअरांना पाठ आहे. तरी तो टाळला जात नाही, कारण टाळण्याची जबाबदारी कुणाच्याच अंगावर नीट लिहिलेली नाही. कंपनी म्हणते, आमच्याकडे परवाना आहे. सरकारी खातं म्हणतं, आमची माहिती गोपनीय आहे. आणि मधल्या मध्ये पत्रं फिरत राहतात.

या सगळ्या निष्काळजीपणाची किंमत आपल्या दारात कोण मोजतं, ते पाहायचं असेल तर नारायणगावला उतरावं आणि खोडदला जावं. तिथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. १४ मध्यभागी जवळजवळ, आणि १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती आपल्या पैशात, आपल्या डोक्याने उभी केली. भरीव पत्र्याच्या तबकड्या परवडणार नाहीत म्हणून दोऱ्यांच्या सांगाड्यावर ताणलेली पोलादी तारेची जाळी वापरली. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी पत्र्यासारखीच दिसते. जागा जुन्नर तालुक्यात निवडली, कारण डोंगरांचा आडोसा होता, शहर पुरेसं लांब होतं आणि हवेत रेडिओचा कालवा नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, म्हणजे पर्यायाने अणुऊर्जा विभागाचं हे काम. सरकारी वापरकर्ता म्हटला की लोकांच्या डोळ्यांपुढे लष्कर येतं. हा सरकारी वापरकर्ता एक शब्दही प्रक्षेपित करत नाही, तो फक्त ऐकतो. म्हणूनच कंपन्यांच्या नकाशावर तो दिसत नाही, आणि त्याची बाजू घेऊन भांडायला कुणी उभं राहत नाही.

तो किती बारीक ऐकतो, ते सांगतो. आकाशातल्या रेडिओ स्रोतांची तीव्रता जान्स्की या एककात मोजतात. एक जान्स्की म्हणजे एका चौरस मीटरवर, एका हर्ट्झमागे एक वॅट भागिले १ वर २६ शून्यं. खोडदला जे मोजलं जातं ते बऱ्याचदा याच्याही हजारावा हिस्सा किंवा त्याहून कमी असतं. एक साधा मोबाईल चंद्रावर नेऊन चालू केला, तर तो आकाशातल्या सर्वात ठळक रेडिओ स्रोतांच्या रांगेत जाऊन बसेल. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्कियापारेली हे यान मंगळावर उतरत होतं, तेव्हा त्याच्या काही वॅटच्या प्रक्षेपकाचा आवाज पृथ्वीवर खोडदच्या दुर्बिणीने ऐकला. मंगळावरून, काही वॅट! आणि अशा कानापासून काही किलोमीटरवर आपण टॉवर उभे करतो, त्यांतून दहापट, शंभरपट ताकद हवेत फेकतो आणि म्हणतो की नियमात बसतंय.

नियमात बसतं, हीच खरी तक्रार आहे. परवान्यात लिहिलेलं असतं की ठरलेल्या पट्ट्याच्या बाहेर किती ऊर्जा सांडली तरी चालेल. ती मर्यादा शेजारचा मोबाईल टॉवर डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली आहे. कोट्यवधी वर्षांचा प्रवास करून आलेली लहर ऐकणाऱ्या यंत्राचा विचार तिच्यात नाही. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमावलीने १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कुणीही प्रक्षेपण करू नये असं सांगितलं आहे, कारण हायड्रोजनची मूळ लहर १४२० ला आहे. १५०.०५ ते १५३ मेगाहर्ट्झ हा पट्टा भारत आणि ऑस्ट्रेलिया या दोन देशांत खगोलशास्त्राला प्राथमिक हक्काने दिलेला आहे. बाकीच्या बऱ्याच पट्ट्यांत मात्र फक्त आवाहन आहे, की बाबांनो, जमेल तितकं जपा. आवाहनावर कंपन्या चालत नाहीत. माझ्या हयातीत मी एकही साईट आवाहनामुळे हललेली पाहिली नाही.

विश्व प्रसरण पावतंय, त्यामुळे हायड्रोजनची ती १४२० ची लहर जितकी लांबून येते तितकी ताणली जाते आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला येऊन पोचते. म्हणजे खोडदच्या दुर्बिणीसाठी प्रत्येक फ्रिक्वेन्सी ही विश्वाच्या इतिहासातली एकेक तारीख आहे. जानेवारी २०२३ मध्ये अशी एक नोंद जाहीर झाली. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेली हायड्रोजनची लहर खोडदला पकडली गेली, मधल्या दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने तिला मोठं करून दाखवलं म्हणून. ती लहर पोचली तेव्हा ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास होती. आता ७०० मेगाहर्ट्झचा मोबाईल पट्टा बघा. त्यात टॉवर बोलतो ७५८ ते ८०३ या टप्प्यात. सुधारित दुर्बिणीचा एक मुख्य रिसिव्हर ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ ऐकतो. स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरच्या पडद्यावर ७५८ च्या पुढे जो भाग टॉवरांनी घेतला आहे, तिथे सपाट माळावर एकदम कातळकडा उभा राहावा तसा सिग्नल उभा राहतो. तो मी स्वतः पाहिला आहे. त्या कड्याच्या मागे सुमारे ७०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांचा हायड्रोजन आहे. तो दिसत नाही. फिल्टर लावून कडा छाटला तर दुर्बिणीचा अ‍ॅम्प्लिफायर गुदमरत नाही, बाकीचा पट्टा वाचतो, पण छाटलेल्या पट्ट्याबरोबर तो काळही छाटला जातो. खगोलशास्त्रज्ञांनी हे निमूट स्वीकारलं आहे. मला त्यांच्या या निमूटपणाचाही राग येतो.

आणि पुढचा घास तयार आहे. २०२२ च्या स्पेक्ट्रम लिलावात ६०० मेगाहर्ट्झचा पट्टाही ठेवला होता. त्याला एकही बोली आली नाही, म्हणून तो वाचला. एरवी त्या पट्ट्याच्या आखणीत टॉवरनी बोलायचा भाग आहे ६१२ ते ६५२. वरची ती नोंद झाली ६२० ला. उद्या कुणी तो पट्टा घेतला आणि जुन्नर, आंबेगाव, शिरूर, पारनेरमधल्या टॉवरवर चढवला, तर अशी नोंद खोडदला पुन्हा होणे नाही. ही भीती मी रंगवून सांगत नाही. आखणीच्या तक्त्यात ती आकड्यांत छापलेली आहे.

हे सगळं टाळायला काय लागतं? माझ्या धंद्यातल्या कुठल्याही पोराला विचारा. जुन्नर तालुक्यातल्याच एका साईटवरचा अनुभव सांगतो. टॉवरच्या तीन सेक्टरपैकी एकाचं तोंड सरळ दुर्बिणीच्या एका हाताकडे होतं. त्या दिशेला वस्ती जवळपास नव्हतीच, ऊस होता आणि पुढे डोंगर. सेक्टर त्या बाजूला का लावला, तर ऑफिसात बसून तीन सेक्टर एकशेवीस-एकशेवीस अंशांवर आखले म्हणून. रिगर वर चढला, अँटेना वीसेक अंश फिरवली, टिल्ट खाली केला, पॉवर ३ डेसिबलने, म्हणजे निम्म्याने, कमी केली. उतरताना त्याने एक गंजलेला क्लॅम्प बदलला आणि एक जम्पर केबल नव्याने घट्ट केली. या गंजाला कमी लेखू नये. दोन ताकदवान सिग्नल गंजलेल्या सांध्यातून गेले की त्यांचं मिश्रण होऊन तिसऱ्याच, परवान्यात नसलेल्या फ्रिक्वेन्सीवर ऊर्जा बाहेर पडते. आमच्या भाषेत त्याला पीआयएम म्हणतात आणि पावसाळ्यानंतर निम्म्या टॉवरांना तो आजार असतो. गावातल्या एकाही माणसाची रेंज गेली नाही. काम दुपारच्या जेवणाआधी उरकलं. त्या कामाला मंजुरी मिळायला मात्र पावसाळा येऊन गेला, कारण कंपनीत कुणालाच कळत नव्हतं की हा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा. गिऱ्हाइकाची तक्रार नाही, दंडाची नोटीस नाही, मग साईटला हात कशाला लावायचा, असं मला तोंडावर विचारलं गेलं. दुर्बीण गिऱ्हाईक नाही, एवढाच तिचा गुन्हा.

गावकऱ्यांना यात दोषी धरणारे लोक मला भेटतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. विजेच्या तारांवरच्या ठिणग्या खालच्या फ्रिक्वेन्सीवर दुर्बिणीला फार छळतात, हे खरं आहे. सैल झालेला जोड, तडकलेला इन्सुलेटर, तारेवर टेकलेली फांदी, की ठिणगी उडते आणि तिचा आवाज सगळ्या पट्ट्यावर पसरतो. पण तीच ठिणगी शेतकऱ्याची मोटर जाळते, तीच उसाला आग लावते. तार नीट ठेवली तर दोघांचं भलं होतं. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेचंही असंच केलं. मार्ग दुर्बिणीच्या परिसरातून आखला, मग हरकत आली, मग रेल्वेने मार्ग बदलायचं ठरवलं, आणि जुन्नर-आंबेगाव-संगमनेरच्या लोकांना वाटलं की दुर्बिणीने आमची रेल्वे पळवली. दुर्बीण तिथे १९९० च्या दशकापासून आहे. ती कुणी रातोरात आणून ठेवली नव्हती. ओव्हरहेड तारेशी पँटोग्राफ घासून ठिणग्या उडतात, हेही रेल्वेच्या इंजिनिअरला शिकवावं लागत नाही. हा प्रश्न रेघ मारण्याच्या पहिल्या दिवशी टेबलावर यायला हवा होता. किती अंतर, कुठे आडोसा, कुठे कट, कुठे वळण, हे आधी मोजून मग नकाशा लोकांना दाखवायचा असतो. आधी आशा लावली, मग मोडली, आणि राग काढायला लोकांच्या हातात शास्त्रज्ञ दिले. विज्ञानाविषयी गावात जी आस्था दोन पिढ्यांत तयार झाली होती, तिला यामुळे तडा गेला. तो तडा मला त्या ठिणग्यांपेक्षा जास्त सलतो.

आता सरकारी बाजूकडे येतो, कारण ती बाजू काही धुतल्या तांदळाची नाही.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने कंपन्यांना कळवलं की धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २.१ किलोमीटरपर्यंत आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरपर्यंत ३.३ ते ३.६ गिगाहर्ट्झचे फाईव्ह-जीचे टॉवर लावू नका, आणि त्यापुढच्या ५४० मीटरमध्ये ताकद मर्यादेत ठेवा. पुणे आणि नागपूर या विमानतळांचाही त्यात प्रश्न होता. कारण काय, तर विमानाचा रेडिओ अल्टिमीटर. विमान जमिनीपासून किती उंचीवर आहे ते सांगणारं हे यंत्र, धुक्यात उतरताना पायलटचा जीव त्याच्यावर असतो. प्रवाशांच्या जिवाशी खेळ करा असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. त्या दिवशी ती बंदी घालणं बरोबरच होतं. पण आकडे बघा. अल्टिमीटरचा पट्टा आहे ४२०० ते ४४०० मेगाहर्ट्झ. आपल्याकडे विकलेला फाईव्ह-जीचा पट्टा संपतो ३६७० ला. मधे ५३० मेगाहर्ट्झची मोकळी जागा आहे. हे अंतर तिथे विकलेल्या ३७० मेगाहर्ट्झच्या आख्ख्या पट्ट्यापेक्षा मोठं आहे. इतक्या लांबचा आवाज जर यंत्राला त्रास देण्याची भीती असेल, तर यंत्राच्या तोंडाशी धड फिल्टर नाही, एवढाच त्याचा अर्थ. ते यंत्र आपल्या पट्ट्यात ऐकत नाही, सगळीकडे कान टवकारून बसतं. अशी यंत्रं आधीच्या जमान्यात बनली, तेव्हा शेजार रिकामा होता आणि फिल्टरवरचे पैसे वाचवले गेले. आज त्या बचतीचं व्याज विमानतळाभोवती राहणारी वस्ती भरते आहे.

अमेरिकेत हेच आधी घडलं होतं. जानेवारी २०२२ मध्ये तिथे ३.७ गिगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात फाईव्ह-जी सुरू होणार म्हणून ऐन वेळी गोंधळ उडाला आणि एअर इंडियाने १९ जानेवारीच्या अमेरिकेच्या उड्डाणांपैकी काही रद्द केली. मुंबई-पुण्याची माणसं सामान बांधून बसली होती. तिथल्या दळणवळण आयोगाने त्या पट्ट्याच्या लिलावात ८१ अब्ज डॉलर गोळा केले होते आणि तिथल्या विमान खात्याने धोक्याचा इशारा दिला होता. एकाच सरकारची दोन खाती एकमेकांशी वर्तमानपत्रांतून बोलत होती. पण त्या लोकांनी पुढे निदान एक गोष्ट केली. विमान कंपन्यांना मुदत घालून दिली, की अमुक तारखेपर्यंत अल्टिमीटरला फिल्टर बसवा किंवा यंत्र बदला, नाहीतर उतरण्यावर निर्बंध येतील. ऐकणाऱ्यावरही बंधन असतं, हे त्यांनी नियमात आणलं. आपल्याकडे बोलणाऱ्याला परवाना लागतो, त्याची ताकद मोजली जाते, त्याची अँटेना तपासली जाते. ऐकणाऱ्याच्या यंत्राचा दर्जा विचारायची मात्र पद्धत नाही. जो सरकारी रिसिव्हर शेजारच्या पट्ट्यातला आवाज रोखू शकत नाही, तो प्रत्यक्षात शेजारचाही पट्टा वापरत असतो, भाडं न देता.

लष्कराचं पुढचं. कुठला रडार कुठे आहे आणि कधी चालतो हे जाहीर करता येत नाही, हे मला मान्य आहे. शत्रूला पत्ता द्यायचा नसतो. पण गुप्ततेच्या नावाखाली पडून राहिलेला पट्टाही गुप्तच राहतो, आणि तोच मला मान्य नाही. लष्कर हलत नाही, असंही कुणी सांगू नये. स्पेक्ट्रम सोडण्याच्या बदल्यात सैन्यदलांना स्वतंत्र ऑप्टिकल फायबरचं जाळं टाकून देण्याचं ठरलं. त्यासाठी २०१२ मध्ये १३,३३४ कोटी रुपये मंजूर झाले, २०१८ मध्ये तो आकडा २४,६६४ कोटींवर नेला. पर्यायी सोय पैशांसकट पुढे ठेवली, तेव्हा वाटाघाट झाली. म्हणजे पैसे ठेवले की मार्ग निघतो.

पत्ता न सांगता वाटणी कशी करायची, हेही जगात करून दाखवलेलं आहे. अमेरिकेच्या किनाऱ्यावर ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ या पट्ट्याच्या मोठ्या भागात आरमाराचे रडार चालतात. सुरुवातीला नुसत्या कागदावर हिशेब केला, तेव्हा खासगी वापराला बंदी घालायचा टापू इतका मोठा निघाला की देशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या त्यात आली. मग २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी ठासून सांगितलं की पट्टे रिकामे करून घेण्यापेक्षा वाटून वापरा. पुढची व्यवस्था अशी उभी राहिली: किनाऱ्याने सेन्सर बसवले. युद्धनौकेचा रडार सुरू झाला की सेन्सरला कळतं, तो एका संगणकीय व्यवस्थापकाला सांगतो, आणि त्या भागातल्या खासगी उपकरणांना पाच मिनिटांत दुसऱ्या चॅनेलवर हलवलं किंवा गप्प केलं जातं. सर्वात वर आरमार, त्याखाली लिलावात हक्क घेतलेले, त्याखाली कुणीही. जहाजाचं नाव, गाव कुणालाही सांगावं लागत नाही. २०२० मध्ये मधल्या पायरीच्या हक्कांसाठी साडेचार अब्ज डॉलरहून जास्त बोली लागली, म्हणजे पाच मिनिटांच्या सूचनेवर गप्प बसावं लागेल हे माहीत असूनही लोकांनी पैसे मोजले. या व्यवस्थेत खोडी नाहीत असं नाही. सेन्सरलाच शांतता लागते, म्हणून सेन्सरभोवती पुन्हा बंदीचा टापू तयार झाला, आणि पुढे हिशेब सैल करावे लागले. पण ती चालते.

आपल्या शेतकऱ्याला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. कुकडीच्या कालव्याचं आवर्तन असंच असतं. एकच पाट, येडगाव धरणातून निघून थेट करमाळ्यापर्यंत जाणारा; कुणाला कधी, किती दिवस, हे सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं, आणि टेलच्या माणसाला पाणी पोचलं नाही तर तो मोर्चा घेऊन येतो. भांडणं होतात, दरवाजे फोडले जातात, पण वेळापत्रक असतं आणि ते सगळ्यांना माहीत असतं. स्पेक्ट्रमच्या पाटावर तेवढंही नाही.

आपल्याकडे मोजमाप करणारी यंत्रणा नाही असं नाही. वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशन १९५२ पासून आहे. तिची माणसं गाड्या घेऊन फिरतात, तक्रार आली की दिशा शोधतात, बेकायदा बूस्टर काढून नेतात. पण तक्रार आल्यावर जाणं आणि सतत मोजत राहणं यात फरक आहे. हवामान रडारचं घ्या. मुंबईत वेरावलीला हवामान खात्याचा सी-बँड रडार जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाला. जगभर असे रडार ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि त्याच भागात २०१८ पासून आपल्याकडे वाय-फायला विनापरवाना मुभा आहे. अट एवढीच असते की वाय-फायच्या यंत्राने आधी ऐकावं, रडार असेल तर चॅनेल सोडावं. कागदावर चोख. प्रत्यक्षात मी गच्चीवर बसून इंटरनेटची लिंक जोडणारी मुलं पाहिली आहेत. यंत्र सारखं चॅनेल सोडतंय म्हणून ती सेटिंगमध्ये जातात, देश बदलून भलताच निवडतात, आणि ऐकण्याची अटच बंद होते. लिंक स्थिर होते, गिऱ्हाईक खूश होतं, मुलगा खाली उतरतो. अशी यंत्रं रडारच्या चित्रात एकेका दिशेला सरळ रेघ ओढतात. त्या रेघेत पाऊस आहे की वाय-फाय, हे चित्र बघणाऱ्याला ओळखावं लागतं. अमेरिकेने अशा इंटरनेट पुरवठादारांना दंड ठोकले आहेत. २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी पाहिलेल्या शहरात पावसाच्या रडारशी कुणी असा खेळ केला तर त्याला मी पोरकटपणा म्हणणार नाही. आणि दोष त्या मुलाच्या आधी यंत्र विकणाऱ्याचा आहे, ज्याने ती सेटिंग उघडी ठेवली.

खोडदला डोंगरांचा आडोसाही आता पुरणार नाही, कारण गोंगाट आता डोक्यावरच्या उपग्रहांतूनही येतो. नेदरलँड्समधून चालणाऱ्या लोफार या दुर्बिणीने स्टारलिंकच्या ६८ उपग्रहांचं निरीक्षण केलं. त्यातल्या ४७ मधून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये नकळत सांडणारी ऊर्जा सापडली. हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. पुढच्या वर्षी कळलं की नव्या पिढीचे उपग्रह याबाबतीत ३२ पटीपर्यंत जास्त गळतात. ही त्यांच्या सेवेची फ्रिक्वेन्सी नाही, आतल्या इलेक्ट्रॉनिक्सची गळती आहे. खोडदचा एक रिसिव्हर १२० ते २५० ऐकतो. २०२५ च्या जूनमध्ये या कंपनीला भारतात परवाना मिळाला. परवाना देणाऱ्या सरकारच्या हातात त्या वेळी लगाम होता. त्या गळतीचं प्रमाणपत्र मागण्याची ती वेळ होती, आणि स्पेक्ट्रम प्रत्यक्ष देताना ती पुन्हा येते.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने सरकारला मोठे अधिकार दिले. न वापरलेला स्पेक्ट्रम काढून घेता येतो, एकाला दिलेला दुसऱ्यालाही दुय्यम हक्काने देता येतो, पट्ट्यांची फेररचना करता येते. वाटून वापरण्याचं दार कायद्याने उघडलं, आता त्या दारातून कोण कुणाला ढकलतो हे नियमांवर ठरेल. २०२२ च्या लिलावातून १,५०,१७३ कोटी रुपयांच्या बोली आल्या. तो पैसा सरकारी तिजोरीत जातो. अमेरिकेत २००४ पासून कायदा आहे, की पट्टा विकला गेल्यामुळे ज्या सरकारी खात्याला हलावं लागतं किंवा यंत्रं बदलावी लागतात, त्याचा खर्च त्याच लिलावाच्या पैशातून भागवायचा. आपण लिलावाचा पैसा मोजून घेतो आणि फिल्टरचा खर्च संशोधन संस्थेच्या अनुदानावर सोडतो. विकणाऱ्याने नफा घ्यायचा आणि ऐकणाऱ्याने कान बुजवायचे बोळे स्वतःच्या खिशातून आणायचे, ही वाटणी मला नीच वाटते.

म्हणून ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा पुन्हा बोलीला येईल, तेव्हा अर्ज मागवणाऱ्या सूचनेतच हे छापलेलं हवं: खोडदच्या दुर्बिणीच्या तीनही हातांभोवती ६१२ ते ६५२ मध्ये प्रक्षेपण नाही, आणि त्यापलीकडच्या टापूत प्रत्येक सेक्टरची दिशा, टिल्ट आणि ताकद आधी मंजूर करून घ्यायची. डोंगरमाथ्यांवर कायम चालू राहणारे मोजणी रिसिव्हर, त्यांचे आकडे रोजच्या रोज सगळ्यांना खुले, आणि मर्यादा ओलांडली की दंड कंपनीच्या साईटवर, तारखेसकट. त्याच सूचनेत सरकारी रिसिव्हरांसाठीही दर्जाची अट आणि तो गाठायची मुदत, अल्टिमीटरपासून लष्कराच्या यंत्रांपर्यंत, आणि त्यासाठी लिलावातून बाजूला काढलेली रक्कम. हे बोली लागण्याच्या आधी आलं पाहिजे. एकदा कंपनीने पैसे मोजले की तिला घातलेली प्रत्येक अट दूरसंचार लवादात जाऊन पडते, आणि तिथून ती बाहेर येईपर्यंत जुन्नरच्या टॉवरवर अँटेना चढलेल्या असतात.